नऊ टोल्यांची दोरी

"सत्तर वर्षं माणसं हिला उघड्या हातानं ओढतायत, कुणाला साधं पडसं झालं नाही. आणि आता म्हणे हिला औषध चोळा!"

यानुस पुटपुटत होता आणि माझ्या अंगावरून ओला फडका फिरवत होता. फडक्याला इस्पितळाचा वास येत होता. यानुस आमच्या चर्चचा राखणदार. झाडलोट, किल्ल्या, मेणबत्त्या, सगळं त्याच्याकडे. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे त्याहून म्हातारे.

"वरपासून खालपर्यंत पुसा, दर वापरानंतर पुसा, कागदावर सही करा. वापर! दोरी आहे का सार्वजनिक संडास?"

मला हसू आलं. पण त्या वसंतात तो मला दर तिसऱ्या दिवशी पुसत होता. म्हणजे दर तिसऱ्या दिवशी माझा वापर होत होता. हे कळलं की हसू आटतं.

मित्रांनो, मी एक जुनी दोरी आहे. नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हन शहरापासून सायकलनं तासाभराच्या वाटेवर हाइलबेक नावाचं खेडं आहे. त्याच्या चर्चच्या मनोऱ्यात मी लोंबते. माझं वरचं टोक घंटेच्या आतल्या लोखंडी गोळ्याला बांधलेलं आहे. खालचं टोक मनोऱ्याच्या तळाशी, दाराजवळ, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर येतं. दाराबाहेर एक बाक आहे. वर काय चालतं ते घंटेला ठाऊक, खाली काय चालतं ते मला. मी डच गावातली असून मराठीत कशी बोलते, असं तुम्हाला वाटत असेल. त्याचं उत्तर त्या बाकाशी आहे. तिथवर येऊच.

माझा जन्म १९४९ सालचा, एका उलट चालणाऱ्या माणसाच्या हातून झालेला. दोर वळणारा माणूस कमरेला तंतूंचा झुबका बांधतो आणि पीळ देत देत मागे मागे चालतो. माझा बाप आयुष्यभर असाच मागे चालला. पुढे काय आहे ते त्याला कधी दिसलं नाही, मागे सोडलेलं मात्र सगळं डोळ्यांसमोर. माझे तंतू भांगेच्या जातीतल्या एका उंच झाडाच्या सालीचे. भांग म्हटल्यावर हसू नका. माझ्यासारखी शुद्धीत राहिलेली दोरी साऱ्या प्रांतात सापडणार नाही.

मी आले तेव्हा घंटाही नवी होती. जुनी घंटा युद्धात शत्रूनं उतरवून नेली आणि वितळवली. सहा वर्षं मनोरा मुका होता. त्या सहा वर्षांत जी माणसं गेली ती घंटेविना गेली. म्हणून नवी घंटा चढली त्या पहिल्याच दिवशी गावानं ठरवलं, आधी त्यांची वाजवायची. एकेकाचं नाव घ्यायचं, त्याचे टोले द्यायचे, मग पुढचं नाव. एकेचाळीस नावं होती. सकाळी सुरू झालं ते दुपारच्या जेवणापर्यंत चाललं. शेवटी एक म्हातारी मला हातात धरून म्हणाली, "उशीर झाला, पण झालं." माझं एवढं कौतुक पुन्हा कधी झालं नाही.

आता थोडं गावाविषयी. हाइलबेक म्हणजे नऊशे माणसं, एक ओढा, चर्चसमोर लिंडनची चार झाडं आणि समोर एक कॅफे. जमीन रेताड. पूर्वी इथं मेंढ्या चरायच्या आणि गरिबी पिकायची. मनोरा सहाशे वर्षांचा आहे. मधली दीडशे वर्षं हे चर्च इथल्या कॅथलिक लोकांकडून काढून प्रोटेस्टंटांना दिलं होतं. गावात प्रोटेस्टंट घरं तीन. ती तीन घरं एवढ्या मोठ्या चर्चमध्ये थंडीनं काकडत प्रार्थना करायची आणि बाकीचा गाव एका गोठ्यात, गाईंच्या उबेत, दाटीवाटीनं उभा राहायचा. हे मला भिंतींनी सांगितलं. भिंती खोटं बोलत नाहीत, फक्त हळू बोलतात.

चर्चभोवतीच्या माणसांच्या मंडळीला पॅरिश म्हणतात. आमची पॅरिश एके काळी इतकी भरलेली होती, की रविवारी उशिरा येणाऱ्याला खांबाला टेकून उभं राहावं लागे. मग मुलं शहरात गेली. दुकान बंद पडलं, शाळा शेजारच्या गावात गेली. सात गावांना मिळून एकच पाद्री उरला. रविवारी यायची अकरा डोकी, आणि त्यातलं एक यानुसचं, त्याला तर यावंच लागे.

१९७८ साली घंटेला विजेची मोटर बसली. तासांचे ठोके मोटर बाहेरून हातोडीनं, वेगळ्याच आवाजात देऊ लागली, प्रार्थनेची घंटाही मोटर वाजवू लागली. मला वाटलं, संपलं आपलं. पण कॅफेत गावाची सभा भरली आणि एक गोष्ट एकमतानं ठरली. एरवी या गावात कॉफीच्या साखरेवरही एकमत होत नाही. ठरलं ते असं, की मेलेल्या माणसाची घंटा मोटरनं वाजवायची नाही. त्यासाठी दोरीच, आणि दोरीला हातच.

आणि हात कुणाचा? घरच्यांचा नव्हे. इथली जुनी रीत आहे. घरात माणूस गेलं की घरच्यांनी फक्त रडायचं. बाकीचं शेजाऱ्यानं करायचं, सगळ्यात जवळच्या घराच्या शेजाऱ्यानं. आपले पडदे ओढून घ्यायचे. या देशात खिडक्यांचे पडदे दिवसाढवळ्या कुणी ओढत नाही, म्हणून ओढलेला पडदा दुरूनही कळतो. मग मनोऱ्यात येऊन मला ओढायचं. पुरुष असेल तर तीन, तीन आणि तीन टोले. बाई असेल तर दोन, दोन आणि दोन. मूल असेल तर एकच. मग बाहेर जमलेल्या लोकांपुढे टोपी काढून मेलेल्याचं नाव शेजाऱ्यानं पहिल्यांदा उच्चारायचं. तोवर ते नाव कुणी घ्यायचं नाही.

एकच टोला मी फार कमी वेळा दिला. शेवटचा दिला तो १९७४ साली. टोस नावाच्या बाईचा चार वर्षांचा मुलगा ओढ्यात पडला होता. तो टोला देणारा शेजारी माझ्या अंगावर डोकं टेकून किती वेळ उभा होता, ते मला अजून आठवतं.

टोस आता ऐंशीच्या घरात आहे. तिच्या घराशेजारी पूर्वी मक्याचं शेत होतं. तिथं २०१६ साली नव्या घरांची रांग उभी राहिली आणि पहिल्याच घरात एक मराठी कुटुंब राहायला आलं. अजित आइंडहोव्हनला चिप्स बनवायच्या यंत्रांवर काम करणारा इंजिनियर. त्याची बायको हिमानी. आणि मुलगी अवनी, तेव्हा पाच वर्षांची. ती मराठी सगळं समजायची, पण उत्तर डचमध्ये द्यायची. घरात आई ओरडायची मराठीत, मुलगी रुसायची डचमध्ये. दोघींचं भांडण मात्र छान जमायचं.

२०२० च्या जानेवारीत अजितची आई सांगलीहून आली. तिचं नाव कुमुदिनी. सुनेचं दुसरं बाळंतपण होतं. फेब्रुवारीत मुलगा झाला, अपूर्व. तेव्हा टोसनंच पुढाकार घेऊन त्यांच्या अंगणात लाकडाचा पांढरा करकोचा रोवला. बाळ झालं की इथं तशी रीत आहे. कुमुदिनीबाई म्हणाल्या, "दारात बगळा कशाला? बाळाला दृष्ट लागायची." पण दुसऱ्या दिवशी त्यांनी टोसला वाटीभर डिंकाचा लाडू कुस्करून नेऊन दिला. टोसला तो घोड्याचं खाद्य वाटला. तरी खाल्ला.

मग मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती गोष्ट घडली.

कुमुदिनीबाई बाळाला बाबागाडीत घालून फिरायला निघाल्या होत्या. बरोबर अवनी. मनोऱ्याचं दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं. बाईंनी दाराशी चपला काढल्या. हिवाळा संपला नव्हता, फरशी बर्फासारखी होती, पण देवाच्या दारात चपला घालून कसं जायचं? मोज्यांनी आत आल्या. समोर मी दिसले. वर पाहिलं, घंटा. आयुष्यभर देवळात शिरताना जे केलं तेच त्यांनी केलं. मला धरलं, एकदा ओढलं आणि हात जोडून डोळे मिटले.

एकच टोला.

मित्रांनो, मी काय करणार? दोरीला ओढलं की तिला जावं लागतं.

गल्लीतली दारं उघडली. माणसं सपाता घालून, हातातला कॉफीचा कप तसाच घेऊन धावत आली. कुणाचं मूल? कुणाचं? सगळ्यांच्या पुढे टोस होती. शेहेचाळीस वर्षांत तो एकटा टोला तिनं ऐकला नव्हता. दारात आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. तिनं बाबागाडीत पाहिलं. बाळ झोपेत हसत होतं. मग तिनं कुमुदिनीबाईंकडे पाहिलं आणि ती ओरडली.

"काय म्हणतायत त्या?" कुमुदिनीबाईंनी नातीला विचारलं.

अवनी नऊ वर्षांची. विचारलं ते सांगायचं, एवढंच तिला ठाऊक. तिनं डच-मराठीची खिचडी करून सांगितलं, "आजी, त्या म्हणतात, तू मरणाला बोलावलंस."

त्या संध्याकाळी अजित अवनीला घेऊन बाकावर बसला होता. म्हणाला, "प्रत्येक गोष्ट भाषांतर करून सांगायची नसते, पिल्लू." मुलं एवढीशी असतात, पण असली वाक्यं जपून ठेवतात.

आठ दिवसांनी गावात पहिलं माणूस गेलं.

पुढचं तुम्ही मोठ्यांकडून ऐकलं असेल. तो आजार जगभर पसरला, आणि आमच्या भागात कार्निव्हलच्या नाचगाण्यानंतर लवकर पसरला. सहा आठवड्यांत मी चौदा माणसांचे टोले दिले. पण रीत मोडली. शेजाऱ्यानं यायचं नाही. एकाच्या हातानंतर दुसऱ्याचा हात माझ्यावर पडायला नको, म्हणून यानुसनं एकट्यानं, रबरी मोजे घालून मला ओढायचं. जमावानं उभं राहायचं नाही, नाव मोठ्यानं घ्यायचं नाही. ते कागदावर लिहून दाराला चिकटवायचं. सत्तर वर्षं मी हातांवरून माणसं ओळखत आले. शेतकऱ्याचा हात खरखरीत, कॅफेवालीचा ओलसर, ज्याची आई गेली त्याच्या शेजाऱ्याचा थरथरता. त्या वसंतात मला नुसतं रबर लागलं. आणि फडका.

गावात कुजबुज झाली. वाईट माणसं नव्हती ती, पण भ्यालेली होती. 'त्या नव्या घरातल्या बाईनं घंटा वाजवली आणि सुरू झालं' असं कुणीतरी म्हणालं. टोस काही म्हणाली नाही, पण तिनं नाकारलंही नाही. कुंपणाशी दोघी समोरासमोर आल्या, तर टोस मान वळवून आत जायची. दीड मीटर अंतर ठेवायचा नियम सरकारनं केला होता. टोसनं तो चार मीटरवर नेला.

आणि कुमुदिनीबाईंनी ते मनाला लावून घेतलं. मनोऱ्याच्या आत त्या पुन्हा आल्या नाहीत. पण बाहेरच्या बाकावर रोज येत, सकाळी नऊ वाजता. घरात अजित एका खोलीत मीटिंगमध्ये, हिमानी दुसऱ्या खोलीत, अवनीची शाळा जेवणाच्या टेबलावर. मग बाळाला घेऊन या बाहेर. नऊ वाजता सांगलीहून नवऱ्याचा व्हिडिओ कॉल यायचा.

मी मराठी शिकले ती त्या कॉलवर. मनोहररावांच्या आणि कुमुदिनीबाईंच्या भांडणांतून.

"खिचडीला किती शिट्ट्या घेतल्या?"

"मोजल्या नाहीत."

"म्हणजे करपवलीत."

"करपलेली मला आवडते."

"चव्वेचाळीस वर्षांत आज सांगताय?"

"आधी तू करपवत नव्हतीस, मग कळणार कसं?"

मनोहरराव वीज मंडळातून निवृत्त झालेले. विमानात बसायला त्यांना आवडायचं नाही. एप्रिलमध्ये आंबे घेऊन येतो, असं त्यांनी कबूल केलं होतं. मग विमानंच बंद झाली. रोज सांगायचे, "या खेपेला आंबा काय गोड आहे म्हणून सांगू! मी एकटा खातो आणि मला पाप लागतं."

एकदा कुमुदिनीबाई रडल्या. घंटेची गोष्ट सांगून म्हणाल्या, "चौदा माणसं गेली हो."

पलीकडून मनोहररावांचा आवाज आला, "हे बघ, कुमुद. इथं गणपतीच्या देवळात तू दिवसाला दोनदा घंटा वाजवायचीस. तुझ्या हिशोबानं सगळी सांगली केव्हाच आटपायला हवी होती."

त्या रडता रडता हसल्या. पण आत कुठंतरी काटा राहिला तो राहिलाच. दाराकडे पाठ करून बसायच्या. मी दिसू नये म्हणून.

जुलैत एक दिवस कॉल आला नाही. मग कळलं, मनोहररावांना ताप आहे, दवाखान्यात ठेवलंय. पाचव्या दिवशी, शनिवारी, अजित एकटाच धावत मनोऱ्यात शिरला आणि दार लोटून घेतलं. कानाला फोन होता. सांगलीचा चुलतभाऊ शिरीष बोलत होता. "दादा, मला लांबूनच दाखवलं रे. पालिकेचीच माणसं घेऊन गेली. मी हात जोडले फक्त." अजित भिंतीला टेकून खाली बसला.

यानुस आतून आला. तो शेजारी बसला, दीड मीटर सोडून. शेवटी अजितनंच सांगितलं, वडील गेले. यानुस उठला, त्यानं टोपी काढली आणि माझ्याकडे हात केला.

"टोसला सांगतो. तुमची शेजारीण ती."

"नको," अजित म्हणाला. "घंटा नको. प्लीज."

एवढंच बोलला. आईला अजून सांगितलेलं नाही, सांगायचं नाही, हे बोललाच नाही. यानुसनं त्याचा भलताच अर्थ घेतला. त्याला वाटलं, मार्चमध्ये गाव जे बोललं त्यामुळे या माणसाला आमची घंटा नको झाली. तो मान खाली घालून गेला.

घरी अजितनं सांगितलं, "बाबांना अजून दवाखान्यातच ठेवलंय. तिथं फोन चालत नाही."

कुमुदिनीबाई रोज नऊ वाजता बाकावर येत राहिल्या. फोन मांडीवर ठेवायच्या. वाजला तर एकदम ऐकू यावा म्हणून बाबागाडीचा खुळखुळाही काढून पिशवीत टाकायच्या. मी आतून बघत होते. दिवस मोजत होते. टोले मोजायची सवय मला, तसे दिवस मोजले.

त्या शनिवारपासून सहाव्या दिवशी दुपारी अजित आणि हिमानी दोघं आत आले.

"किती दिवस चालवणार आहेस हे?" हिमानी म्हणाली. "मागे मी चहा करते, पुढे तू खोटं बोलतोस, आणि त्या मला विचारतात, तुझे डोळे का सुजलेत. अ‍ॅलर्जी सांगितली मी. जुलैत कसली अ‍ॅलर्जी, सांग ना!"

"आईचं बीपी..."

"बीपी तुझं वाढलंय. त्यांचं नाही."

"ती म्हणेल, मी वाजवली म्हणून गेले. हिमानी, ती तेच म्हणेल. आणि जन्मभर म्हणत राहील."

हिमानी हळूच म्हणाली, "आणि दहावा, तेरावा होऊन गेल्यावर कळलं, तर काय म्हणतील? नवऱ्याचं सुतकसुद्धा पाळू दिलं नाही म्हणतील. बोल तू. नाहीतर मी बोलते."

"तू नको. मी बोलेन."

"कधी?"

मी तिथं लोंबत होते. गाठ मारायला दोरी लागते म्हणतात, पण त्या घरानं दोरीवाचूनच केवढी गाठ मारून घेतली होती.

मित्रांनो, आता मी थकले आहे. माझे तंतू सुटतात, ओढलं की भुसा पडतो. पुढच्या वर्षी नायलॉनची पांढरी दोरी येणार आहे. ती पुसायला सोपी असते म्हणे. अशा गोष्टीच्या शेवटी दोरीनं म्हणायचं असतं, की आम्हा जुन्या वस्तूंना फेकू नका, आमची निगा राखा. म्हणते मीही. फेकू नका. पण दोरीची निगा एवढीच, की तिला कोरडी ठेवायची आणि वेळेला ओढायची. वेळेला ओढली नाही तर ती कुजते. माणसांच्या तोंडातल्या शब्दांचंही तसंच असावं. एकेचाळीस नावं सहा वर्षं घशात अडकवून बसलेलं गाव मी पाहिलंय. ती नावं बाहेर पडली त्या दुपारी लोक पहिल्यांदा पोटभर जेवले. एवढं लक्षात ठेवा. आता त्यानंतरच्या रविवारचं सांगते आणि थांबते.

नववा दिवस. सकाळचे नऊ. ऊन चांगलं तापलं होतं. कुमुदिनीबाई बाकावर होत्या, बाळ झोपलेलं, फोन मांडीवर. गल्लीतून टोस आली. अंगात काळा लोकरीचा कोट, जुलैच्या उन्हात. मागे तिच्या घराच्या खिडक्यांवर पडदे ओढलेले होते. ती बाकापाशी क्षणभर थांबली, मान लववली आणि दाराशी आली. तिथं वाकून, एका हातानं चौकट धरून, तिनं बूट काढले. आधी एक, मग दुसरा. चार महिन्यांपूर्वी एका बाईला तिनं तसंच बिनबुटाचं पाहिलं होतं.

यानुस धडपडत पुढे आला. मनोहरराव गेल्याचं तिला कळलं ते त्याच्याच तोंडून, आदल्या दिवशी. "टोस, त्यानं घंटा नको म्हटलंय."

"माझ्यामुळे नको म्हटलंय," टोस म्हणाली. "मी त्याच्या आईला काय बोलले ते साऱ्या गावानं ऐकलं. तेव्हा कोण बोललं? आता तिचा माणूस गेला आणि शेजारीण जिवंत आहे. बाजूला हो."

"मोजे तरी घाल हातात."

"माझ्या मुलाचा टोला शेजाऱ्यानं उघड्या हातानं दिला होता."

तिनं मला धरलं. मित्रांनो, मार्चनंतर पहिल्यांदा मला माणसाचा हात लागला. सुरकुतलेला, ऊबदार, घट्ट.

तीन. थांबली. तीन. थांबली. तीन.

बाहेर कुमुदिनीबाई उभ्या राहिल्या. टोले मोजायला त्याही शिकल्या होत्या. पुरुष. गल्लीत दारं उघडली, माणसं आली, लिंडनच्या झाडांखाली अंतर ठेवून उभी राहिली. टोप्या निघाल्या. घरच्या स्लिपरमध्ये अजित पळत आला, मागून अवनी सायकलवर.

कुमुदिनीबाई दारापर्यंत आल्या. चपला काढून आत आल्या, चार महिन्यांनी. त्यांना डच चारच शब्द येत होते. त्यातला एक त्यांनी विचारला.

"वी?" म्हणजे, कोण?

टोसनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला रडू आलं. मग ती अवनीकडे वळली. "नाव शेजारणीनं घ्यायचं असतं. पण तुमच्याकडचं नाव माझ्या तोंडात वाकडं होईल, आणि आजच्या दिवशी ते वाकडं व्हायला नको. तू सांग तुझ्या आजीला. सांग, कुणासाठी वाजवली. आणि सांग, त्या दिवशी मी बोलले ते खोटं होतं. मरण असं बोलावून येत नाही. आलं असतं, तर मी माझं केव्हाच बोलावलं असतं."

"काय म्हणतायत त्या?" कुमुदिनीबाईंनी विचारलं. आवाज अगदी मार्चमधल्यासारखा.

अवनीनं बापाकडे पाहिलं. आणि जी मुलगी घरात कधी मराठीत उत्तर द्यायची नाही, तिनं स्वच्छ मराठीत विचारलं, "बाबा, हे सांगायचं असतं का?"

"अजित, कोण गेलं रे?" कुमुदिनीबाई म्हणाल्या.

"गावातलं... गावातलं कुणीतरी असेल, आई."

"गावातलं असेल, तर ही बाई माझ्याकडे बघून का रडते?"

बाहेर लिंडनच्या झाडांत माश्या गुणगुणत होत्या. कुमुदिनीबाईंना आधाराला काहीतरी हवं होतं, आणि हाताशी मीच होते. त्यांनी मला धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं. बोटं गार पडली होती. टोसचा हात अजून माझ्यावरच होता, एक वीत खाली.

अजितनं अवनीच्या डोक्यावर हात ठेवून तिला मागे घेतलं. "तू नको सांगूस, पिल्लू. मी सांगतो." मग दाराशी स्लिपर काढून तो अनवाणी आईसमोर येऊन उभा राहिला.

"आई," तो म्हणाला, "बाबा गेले. आज नववा दिवस. घंटेनं नाही गं, तापानं गेले."